‘इतर’ नावाच्या खान्यात अडकलेलं भांडवल



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दुकानातल्या मालाच्या वर्गवारीवर बोलले. बारा मिनिटांत सगळं काही बसलं नाही. मध्येच ‘डेबियन’ असं एक नाव घेतलं आणि तशीच पुढे निघून गेले. ते नाव का घेतलं, हे आज इथे सविस्तर लिहिते. तुमचं किराणा दुकान असो, बुटीक असो, मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचा काउंटर असो की घरून चालणारा मसाल्याचा धंदा, हे तुमच्या कामाचं आहे. कॉम्प्युटरमधलं फारसं काही येत नसलं तरी चालेल, मलाही कुठे येत होतं?

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

जूनमधले ते दहा दिवस

मस्तगडात आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. बीबीए केलं, लग्न होऊन इथे आले आणि हळूहळू गल्ल्यावर बसायला लागले. दुकानात एक काका आहेत, अकरा वर्षं झाली त्यांना. कोणती वस्तू कुठे आहे, हे ते पाठमोरे उभे राहूनही सांगतात. ‘तिसऱ्या फळीवर, निळ्या खोक्यामागं.’ हात घातला की वस्तू हातात.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस वेळेवर आला आणि काका पेरणीला गावाकडे गेले. दहा दिवसांसाठी. नेमके शाळा उघडायचे दिवस! एक शिक्षक आले, साठ आलेखवह्या हव्या होत्या. मी कॉम्प्युटरवर ‘वह्या’ या खान्यात पाहिलं, नव्हत्या. फळीवर पाहिलं, नव्हत्या. ‘सर, परवा देते’ म्हणाले. सर हसले, ‘मुलांना उद्या लागतात’ म्हणाले आणि गेले. मी लगेच होलसेलवाल्याला फोन करून दोन गठ्ठे मागवले, रोख पैसे देऊन.

काका आले. मी सगळं सांगितलं. ते काही न बोलता शिडी लावून माळ्यावर चढले आणि एक बंद खोकं खाली आणलं. त्यात आलेखवह्या. मागच्या हंगामातल्या, शंभराहून जास्त. खोक्यावर खडूने लिहिलेलं होतं, ‘इतर’. कॉम्प्युटरमध्येही त्या ‘इतर’मध्येच होत्या.

गिऱ्हाईक गेलं, रोकड गेली आणि दुप्पट माल घरात आला. ते सर नंतर वर्षभर आमच्याकडे फिरकले नाहीत.

त्या रात्री मी बिलिंग सॉफ्टवेअरमधली यादी काढली. २,३०० च्या आसपास वस्तू होत्या आणि त्यातल्या ७४० ‘इतर’मध्ये होत्या. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा माल असा, की तो आपल्याकडे आहे हे फक्त एका माणसाला माहीत. जालन्यात म्हणतात, ‘जालना, सोने का पालना’. आमचं सोनं पाळण्यात नव्हतं, माळ्यावर पडलं होतं.

डेबियन कुठून आलं?

झेरॉक्सच्या टेबलावरचा आमचा कॉम्प्युटर जुना. नवी विंडोज त्याला झेपेना. शेजारच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने त्यावर डेबियन टाकून दिलं. डेबियन म्हणजे लिनक्सचं एक वितरण. सोप्या भाषेत सांगायचं तर जगभरातली मोफत सॉफ्टवेअर गोळा करून, तपासून, एकमेकांशी जुळतील अशी लावून देणारं एक मोठं कोठार. त्यातल्या प्रत्येक वस्तूला ‘पॅकेज’ म्हणतात. तुम्ही उबुंटूचं नाव ऐकलं असेल, तेही डेबियनवरच उभं आहे.

अर्ज, प्रतिज्ञापत्रं छापायला मला चांगला मराठी फाँट हवा होता. तो मुलगा म्हणाला, ‘ताई, सॉफ्टवेअरच्या यादीत फाँट्सचा वेगळा विभाग आहे, त्यात बघा.’ मी उघडलं. लोहित नावाचे फाँट सापडले. हे फाँट रेड हॅट कंपनीने खुले केले आणि त्यांच्यावर पुण्यातल्या त्यांच्या अभियंत्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यातल्या एका पॅकेजचं नाव होतं ‘फाँट्स-लोहित-देवा-मराठी’. नाव कसं लावलंय पाहा. आधी वस्तूचा प्रकार, मग तिचं घराणं, मग लिपी, मग भाषा. चिठ्ठीवरच पूर्ण पत्ता! माझ्या माळ्यावरच्या खडूच्या ‘इतर’शी मी मनातल्या मनात त्याची तुलना केली आणि खरं सांगते, लाज वाटली.

मग त्या मुलाला विचारत, वाचत मी या कोठाराची माहिती काढली. डेबियन १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक यांनी सुरू केलं. त्याची मालक कुठली कंपनी नाही. देशोदेशीचे स्वयंसेवक ते चालवतात आणि प्रमुख दरवर्षी निवडून देतात. २०२३ मध्ये त्यांचं जागतिक संमेलन पहिल्यांदाच भारतात, कोचीला भरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजेस आहेत.

जवळजवळ सत्तर हजार वस्तू, एका छताखाली न बसणारे लोक, पगार नाही, आणि कोणाच्याही डोक्यात सगळा माल नाही. तरी वस्तू सापडते. आमच्या २,३०० वस्तू चार भिंतींत, आणि काका गावाला गेले की दुकान आंधळं. फरक कुठे होता? त्यांच्याकडे वर्गवारी लिहिलेली आहे आणि ती सांभाळायला माणसं नेमलेली आहेत. वर्ग पाडणं हे एका रविवारचं काम आहे. ते सांभाळणं रोजचं. आपण रविवारचं काम करतो आणि रोजचं सोडून देतो. आता त्यांच्याकडून एकेक गोष्ट कशी घेतली ते सांगते.

१. सरकारचा खाना वेगळा, गिऱ्हाइकाचा वेगळा

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला दोन वेगळे पत्ते असतात. एक परवान्याचा: सॉफ्टवेअर पूर्ण मुक्त असेल तर ‘मेन’ विभागात. स्वतः मुक्त, पण चालायला मुक्त नसलेलं काही लागतं, ते ‘काँट्रिब’मध्ये. मुक्ततेच्या अटीत न बसणारं ‘नॉन-फ्री’मध्ये. दुसरा पत्ता वापराचा: फाँट, खेळ, शिक्षण, ग्राफिक्स, मेल, विज्ञान, असे साठच्या आसपास वर्ग. हे दोन पत्ते एकमेकांत मिसळत नाहीत.

आपण काय करतो? जीएसटीसाठी एचएसएन कोड लागतो म्हणून माल त्याप्रमाणेच लावून टाकतो. वह्या ४८२० मध्ये, पेन ९६०८ मध्ये, पेन्सिली ९६०९ मध्ये. हे बिलासाठी बरोबरच आहे आणि काटेकोर पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्या दिवशी ज्यांचे कोड नीट होते त्यांचं काम तासाभरात झालं. पण गिऱ्हाईक काही ‘४८२० द्या’ म्हणत नाही. ते म्हणतं, ‘पोराचं प्रॅक्टिकल आहे, काय काय लागतं?’

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन रकाने ठेवा. एक कायद्याचा, एक गिऱ्हाइकाचा. फळ्या गिऱ्हाइकाच्या रकान्याप्रमाणे लावा. आपल्या जालन्यात सळईच्या दुकानात पाहा. माल आठ, दहा, बारा मिलिमीटर असा लावलेला असतो, कारण गिऱ्हाईक तेच विचारतं.

२. माल दारातून आत येतानाच खाना ठरवा

डेबियनमध्ये नवं पॅकेज आलं की ते थेट कोठारात जात नाही. आधी एका रांगेत थांबतं. तिथे माणूस ते उघडून पाहतो, परवाना तपासतो आणि ते कोणत्या वर्गात जाणार हे तिथेच पक्कं होतं. वर्ग न ठरलेली वस्तू आत जातच नाही.

आमच्याकडे उलटं चालायचं. टेम्पो आला, गिऱ्हाईक उभं आहे, ‘ठेव तिकडं, नंतर बघू’. ते ‘नंतर’ कधी येत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा ढीग म्हणजेच ‘इतर’.

आता नियम केलाय. चलन आणि माल जुळवताना प्रत्येक नव्या वस्तूपुढे पेन्सिलने वर्ग लिहायचा. लिहिल्याशिवाय खोकं माळ्यावर चढवायचं नाही. गर्दीच्या दिवशी त्रास होतो, पण एका वस्तूला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. ते खोकं नंतर शोधायला लागतात अर्धे दिवस.

३. सुचवा सगळ्यांनी, ठरवू दे एकालाच

ही गोष्ट मला सगळ्यात महाग पडली, म्हणून नीट वाचा.

डेबियनमध्ये पॅकेज तयार करणारा स्वयंसेवक आपल्या पॅकेजचा वर्ग स्वतः लिहून देतो. पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. ‘एफटीपी मास्टर’ नावाची छोटी टीम एक मूळ यादी सांभाळते, तिला ‘ओव्हरराइड’ म्हणतात. दोन्हीत फरक पडला तर मूळ यादी खरी, आणि पॅकेजवाल्याला तसा निरोप जातो. त्याला पटलं नाही तर तो लेखी विनंती करतो: हे पॅकेज या वर्गातून त्या वर्गात हलवा, कारण असं असं आहे. विनंती नोंदवली जाते आणि कोणीही ती वाचू शकतो. भांडण नाही, आणि रात्रीतून कोणी गुपचूप फळी बदलून टाकत नाही.

मी काय केलं? उत्साहाच्या भरात एका रविवारी एकटीने बसून ६४ वर्ग पाडले. रंगीत चिठ्ठ्या छापल्या, फळ्या हलवल्या. सोमवारी काका आले, दुकान पाहिलं आणि दिवसभर गप्प. संध्याकाळी एवढंच म्हणाले, ‘ताई, मला एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.’

त्यांचं खरं होतं. अकरा वर्षांचं ज्ञान त्यांच्या डोक्यात होतं आणि मी त्यावर रंगीत कागद चिकटवला होता. शिवाय ६४ वर्ग म्हणजे काउंटरवरच्या मुलाला रोज परीक्षा! ‘ऑफिस स्टेशनरी’ आणि ‘ऑफिस साहित्य’ यात फरक काय, हे मलाच सांगता येईना.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पुन्हा बसलो. काका बोलत होते, मी लिहीत होते. त्यांनी वर्ग असे पाडले: शाळा, कॉलेज आणि प्रॅक्टिकल, ऑफिस, चित्रकला, पूजा आणि सण, लग्नसराई, हिशोबाच्या वह्या, चिकटवण्याचं सामान... सगळे मिळून २२. ‘हिशोबाच्या वह्या’ मी ‘ऑफिस’मध्ये टाकल्या होत्या. ते म्हणाले, ‘दिवाळीला वहीपूजनाला येणारा व्यापारी ऑफिसच्या फळीकडं बघत पण नाही.’ हे मला बीबीएच्या कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

त्या दिवसापासून आमच्या दुकानाचे एफटीपी मास्टर काका आहेत. गल्ल्याजवळ एक दोनशे पानी वही टांगली आहे. कोणालाही वस्तू हलवावी वाटली तर तारीख, वस्तू आणि कारण त्यात लिहायचं. शनिवारी काका वाचतात आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहितात. माझी विनंतीसुद्धा दोनदा नामंजूर झाली आहे! पण त्यांच्या डोक्यातलं आता कागदावर उतरतंय. पुढच्या पेरणीला ते गेले तेव्हा दुकान चाललं. आणि त्यांचा मान कमी झाला नाही, उलट वाढला.

४. दोन खान्यांतला फरक सांगता येत नसेल तर एक बंद करा

डेबियनमध्ये वर्गाशिवाय प्रत्येक पॅकेजला ‘प्राधान्य’ही असतं: अत्यावश्यक, महत्त्वाचं, नेहमीचं, ऐच्छिक. पूर्वी याखाली ‘एक्स्ट्रा’ अशी आणखी एक पायरी होती. ऐच्छिक आणि एक्स्ट्रा यांतला भेद व्यवहारात उपयोगाचा उरला नाही. २०१७ मध्ये त्यांनी नियमावलीत लिहून टाकलं, एक्स्ट्रा आता वापरू नका, ऐच्छिक पुरेसं आहे.

ही प्राधान्याची कल्पना आपल्यालाही लागते. आम्ही तीनच ठेवली आहेत. ‘संपताच कामा नये’: ए-फोर कागद, निळं पेन, दोनशे पानी वही. ‘हंगामात पाहिजे’: राख्या, आलेखवह्या, लग्नाची पाकिटं. ‘सांगितलं तर आणू’: बाकी सगळं. भांडवल कमी असेल तर पहिल्या यादीवर आधी पैसे लावा. नव्या धंद्यातले बरेच जण पैसे तिसऱ्या यादीत घालतात आणि पहिल्या यादीतली वस्तू संपलेली असते.

५. नवा खाना कधी काढायचा?

गिऱ्हाइकाला खरोखर फरक पडतो तेव्हाच. लोहितचंच पाहा. देवनागरी एकच लिपी, मग मराठीसाठी वेगळं पॅकेज कशाला? कारण मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळा असतो. छापील कागद हातात घेतल्यावर आपल्या डोळ्यांना तो लगेच खटकतो. तिथे वेगळी चिठ्ठी हवीच.

दुसरं उदाहरण मोठं आहे. वाय-फायसारख्या भागांना चालायला छोटी सॉफ्टवेअर लागतात, त्यांना फर्मवेअर म्हणतात. त्यातली बरीच मुक्त नसतात, म्हणून ती ‘नॉन-फ्री’मध्ये पडून असायची आणि डेबियनच्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये नसायची. नवा माणूस डेबियन टाकायचा आणि त्याचं वाय-फायच चालायचं नाही. बरीच वर्षं चर्चा झाली, २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान केलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग आला. तत्त्व सोडलं नाही, चिठ्ठीवर खरं तेच लिहिलं, पण गरजेची वस्तू गिऱ्हाइकाच्या हाताला येईल अशी ठेवली.

आमचा नियम छोटा आहे. एका वर्गात एकाच प्रकारच्या पंधरा-वीस वस्तू झाल्या आणि त्या गिऱ्हाईक वेगळ्या शब्दाने मागत असेल, तरच नवा वर्ग. नुसतं मला छान दिसतं म्हणून नाही.

६. जुनं नाव फेकू नका, त्याला नव्या पत्त्याची पाटी लावा

डेबियनमध्ये पूर्वी फाँटच्या पॅकेजचं नाव ‘टीटीएफ’ने सुरू व्हायचं. ते फाइलच्या जातीचं नाव. वापरणाऱ्याला जातीशी काय करायचंय? मग ती नावं बदलून ‘फाँट्स’ने सुरू होणारी केली. पण ज्यांच्या हाताला जुनं नाव बसलंय त्यांचं काय? अशा वेळी जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज काही काळ ठेवतात. ते मागितलं की नवं आपोआप येतं. अशा जुन्या पाट्यांसाठी ‘ओल्डलिब्ज’ असा वर्गही आहे. लोकांना सवय झाली की मग ती पाटी काढतात.

आपल्या जालन्यात तर एका वस्तूला चार नावं. कोणी ‘वही’ म्हणतं, कोणी ‘कॉपी’, कोणी ‘रजिस्टर’, आणि होलसेलच्या बिलावर ‘लाँग बुक’. कोणी ‘चिकटपट्टी’ मागतं, कोणी ‘टेप’. काउंटरवरच्या नव्या मुलाने ‘कॉपी नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलेलं मी स्वतः ऐकलंय, आणि मागे वह्यांची थप्पी! तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूच्या नावापुढे दुसरं नाव लिहायची सोय असेल तर जरूर वापरा. नसेल तर नावातच जोडा: ‘लाँग बुक वही कॉपी २०० पानी’. दिसायला सुंदर नाही, पण सापडतं.

७. एक वस्तू, अनेक वाटा

आता कोणी म्हणेल, मॅडम, आलेखवही ‘वह्या’मध्ये ठेवायची की ‘प्रॅक्टिकल’मध्ये? फळी एकच असते, शोधायच्या वाटा मात्र अनेक.

डेबियनलाही हीच अडचण आली. एका पॅकेजला एकच वर्ग मिळतो. मग एन्रिको झिनी यांनी ‘डेबटॅग्ज’ नावाची पद्धत उभी केली. त्यात एकाच पॅकेजला अनेक पैलूंच्या चिठ्ठ्या लागतात: हे काय आहे, कशासाठी वापरतात, कोणत्या विषयाचं आहे. गंमत म्हणजे या पैलूवार वर्गीकरणाचं मूळ आपल्याच देशात आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये ‘कोलन वर्गीकरण’ प्रसिद्ध केलं. पुस्तकाला एकाच कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याच्या विषयाचे पैलू वेगळे करून जोडायचे, ही त्यांची कल्पना. ग्रंथालयासाठी काढलेली वाट पुढे सॉफ्टवेअरच्या कोठारात पोहोचली, आणि तिथून मस्तगडात!

फळी एकच ठेवा, जिथे गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतं ती. बाकीच्या वाटा सॉफ्टवेअरमधल्या शेऱ्यात लिहा: आठवी ते दहावी, विज्ञान, भूगोल, जून.

आणि वाटा फारच पसरल्या तर संच करा. डेबियनमध्ये मराठी माणसाला लागणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेल्या आहेत. फाँट एका वर्गात, लिबरऑफिसचं मराठी रूप दुसऱ्या वर्गात. म्हणून ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ नावाचं एक पॅकेज आहे. त्यात स्वतःचं काही नसतं, ते फक्त मराठी डेस्कटॉपला लागणाऱ्या वस्तू एकत्र मागवतं. आम्ही यावरून ‘पाचवीचा संच’, ‘दहावी प्रॅक्टिकल संच’ अशा छापील याद्या केल्या. माल आपापल्या फळीवरच असतो, यादी मात्र पालकांच्या हातात देतो. जूनमधली गर्दी त्याने हलकी झाली.

८. काढून टाकायला शिका

डेबियन १३ मध्ये १४,१०० हून जास्त नवी पॅकेजेस आली, हे सगळे सांगतात. त्याच वेळी ८,८४० हून जास्त पॅकेजेस कालबाह्य म्हणून काढली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. फुकटच्या वस्तू, जागा अडत नाही, तरी काढतात. कारण सांभाळायला कोणी नाही अशी वस्तू कोठारात ठेवली की कोठारावरचाच विश्वास कमी होतो.

आपली जागा तर भाड्याची, पैसा व्याजाचा. ‘इतर’मधल्या ७४० वस्तू आम्ही एकेक करून पाहिल्या. बऱ्याचशा योग्य वर्गात गेल्या. पण दोनशेच्या आसपास अशा निघाल्या, की कोणी मागतच नव्हतं. वाळलेल्या शाईची पेनं, चिवडल्या गेलेल्या फायली, कुणा नेत्याचा फोटो असलेल्या जुन्या डायऱ्या. काही होलसेलवाल्याने परत घेतल्या, काही खरेदीच्या भावात विकल्या, काही शाळेला देऊन टाकल्या. घाटा झाला, खोटं कशाला सांगू. पण तो घाटा आधीच झालेला होता, आम्ही फक्त त्या दिवशी पाहिला.

‘सर्च आहे की, खाने कशाला?’

हा प्रश्न मला प्रशिक्षणाच्या प्रत्येक बॅचमध्ये येतो. बरोबर आहे, डेबियनमध्येही आज बहुतेक लोक नाव टाकूनच शोधतात. पण सर्च करायला नाव माहीत असावं लागतं. मला आलेखवह्यांचं नाव माहीत होतं, वर्ग चुकीचा होता म्हणून मी चुकीच्या यादीत पाहिलं. आणि ज्याला नावच माहीत नाही, नुसती गरज माहीत आहे, असं गिऱ्हाईक फळीकडे बघून खरेदी करतं. दुकानात नवा लागलेला मुलगाही फळीकडे बघूनच शिकतो. खाना म्हणजे शोधणाऱ्याला दिलेला शब्द आहे, ‘तुला हवं ते असेल तर इथेच असेल, इथे नसेल तर नाही’. हा शब्द दोनदा मोडला की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा शोधत नाही, समोरच्या दुकानात जातं.

आज आमच्या ‘इतर’मध्ये साधारण ९० वस्तू आहेत. शून्य केलं नाही आणि करणारही नाही. डेबियनमध्येही ‘मिसलेनियस’ असा एक वर्ग आहेच. जिथे बसत नाही असं काहीतरी नेहमीच येणार. फक्त आम्ही मर्यादा घातली आहे: शंभर. शंभरच्या वर गेलं की त्या शनिवारी चहा सांगायचा आणि काका, मी, काउंटरवरचा मुलगा, तिघांनी बसून खाली आणायचं.

या आठवड्याचं काम

वाचून सोडू नका. एक वही घ्या आणि हे करा.

सोमवारी: तुमच्या यादीत ‘इतर’, ‘जनरल’, ‘मिक्स’ अशा नावाखाली किती वस्तू आहेत ते मोजा. यादीच नसेल तर माळ्यावरची चिठ्ठी नसलेली खोकी मोजा.

मंगळवारी आणि बुधवारी: गिऱ्हाईक वस्तू कोणत्या शब्दांत मागतं ते ऐका आणि जसंच्या तसं लिहा. सुधारू नका.

गुरुवारी: दुकानात सगळ्यात जास्त माहिती असलेल्या माणसाबरोबर बसा. तो तुमचा नोकर असेल, सासू असेल, वडील असतील. त्यांनी बोलायचं, तुम्ही लिहायचं. पंचविसापेक्षा जास्त वर्ग नकोत.

शुक्रवारी: यादीचा सांभाळणारा ठरवा. एकच. आणि हलवाहलवीची वही टांगा.

शनिवारी: ‘इतर’मधल्या फक्त वीस वस्तू हलवा. वीसच. पुढच्या शनिवारी पुढच्या वीस.

ते आलेखवहीवाले सर मागच्या जूनमध्ये पुन्हा आले होते. ‘आहेत का हो?’ असं जरा चाचरतच विचारलं त्यांनी. काका गावाला होते. काउंटरवरचा मुलगा, दुकानात लागून जेमतेम तीन महिने झालेला, ‘प्रॅक्टिकल’च्या फळीकडे गेला आणि विचारलं, ‘साठ की सत्तर, सर?’

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत माळ्यावर एक चक्कर मारून या!